गप्प बसणे आणि पिशवी काढणे यांच्या मध्ये

श्रीरामपूरहून नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एसटीने जायचे तर बेलापूर, राहुरी फॅक्टरी, राहुरी असे थांबे घेत दोनेक तास जातात. खोकले-हसले की लघवी सुटते, किंवा लागली की धरवतच नाही, अशी तक्रार असलेली बाई हा प्रवास तासांत मोजत नाही. कोणत्या स्टँडवर स्वच्छतागृह उघडे असते, कुठे सुटे पैसे मागतात, कुठे आत नळालाच पाणी नसते, हे तिला पाठ असते. सकाळचा चहा ती अर्धाच घेते. पाण्याला शिवत नाही. गडद रंगाची साडी नेसते आणि बसमध्ये दाराजवळची जागा धरते. शेजारी बसलेल्या जावेला यातले काहीही कळत नाही. कदाचित जावेचेही तेच चाललेले असते.

ही तक्रार किती जणींना असते? नॉर्वेतल्या एका परगण्यात २८,००० च्या आसपास स्त्रियांना थेट विचारले, तेव्हा दर चौघींतल्या एकीने 'हो' म्हटले. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. लखनौतल्या एका रुग्णालयात ३,००० स्त्रियांची पाहणी झाली, तिथे प्रमाण २२ टक्क्यांच्या जवळ निघाले. म्हणजे थंड हवेचा श्रीमंत देश असो की उत्तर प्रदेश, आकडे फार लांब नाहीत. आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. नॉर्वेसारख्या देशातही, जिथे दवाखाना दाराशी आणि बहुतेक खर्च सरकारचा, तिथेही तक्रार असलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा स्त्रिया डॉक्टरकडे गेल्या होत्या. तेव्हा 'आपल्याकडच्या बायका लाजतात' एवढ्याने हा विषय संपत नाही.

आपल्याकडचे वेगळेपण दुसरे आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या या उसाच्या पट्ट्यात अशा बाईपुढे साधारण दोनच वाटा असतात. एक, गप्प बसायचे: बाळंतपणे झाली की व्हायचेच, वय झाले की व्हायचेच. आणि गप्प बसणे अगदीच अशक्य झाले, त्यात कंबरदुखी, अंगावर पांढरे जाणे, अंग बाहेर येणे (गर्भाशय खाली उतरणे) याची भर पडली, की दुसरी वाट: 'पिशवी काढून टाका,' म्हणजे गर्भाशयच. या दोन टोकांच्या मध्ये उपायांचा चांगला लांबरुंद मुलूख आहे. तपासणी, लघवीची नोंदवही, स्नायूंचे व्यायाम, योनिमार्गात बसवायची आधाराची रिंग, औषधे, वजन, खोकल्याचा इलाज, आणि सगळ्यात शेवटी लघवीच्याच तक्रारीसाठी बेतलेली नेमकी शस्त्रक्रिया. यातले बरेचसे स्वस्त आहे, काही तर फुकट आहे. पण तो मुलूख बाईला कुणी दाखवतच नाही. हे पुस्तक त्या मधल्या मुलखाचे आहे.

उसाचा उल्लेख ओघात आलेला नाही. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना ब्रिटिश अमदानीतच उभा राहिला. पुढे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी कारखाना सुरू केला आणि प्रवरेच्या काठाचे सगळे अर्थकारण उसाभोवती फिरू लागले. त्या उसाला तोडणारे हात बहुतेक बाहेरून येतात: बीडहून, पाथर्डी-आष्टीच्या कोरडवाहू गावांतून. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटे कोपीतून निघायचे. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. मग वीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचे. बाळंत होऊन दोन महिने झालेली बाईही चढते, आठवा महिना लागलेलीही चढते. फडात आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणी प्यायचे नाही आणि लघवी दाबून ठेवायची. पोटाच्या आतला दाब वाढवणाऱ्या आणि मूत्राशयाला छळणाऱ्या जेवढ्या म्हणून गोष्टी पाठ्यपुस्तकात सांगितल्या आहेत, त्या इथे एका दिवसाच्या कामात सापडतात.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांचे सर्वेक्षण झाले, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्यांत चाळिशीच्या आतल्या कित्येक. खाडा पडू नये, पाळीची कटकट नको, पांढरे जायचे थांबावे, 'पुढे कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेली, अशी कारणे पुढे आली.

इथे शरीरशास्त्राचा एक साधा मुद्दा हरवतो. गर्भाशय आणि मूत्राशय हे शेजारी शेजारी असलेले पण अगदी वेगळे अवयव आहेत, आणि गर्भाशय काढल्याने लघवीची गळती बरी होत नाही. उलट स्वीडनमध्ये गर्भाशय काढलेल्या १,६५,२६० स्त्रिया आणि न काढलेल्या पावणेपाच लाखांहून अधिक स्त्रिया यांची वर्षानुवर्षांची नोंद तपासली गेली. २००७ साली आलेल्या निष्कर्षानुसार पिशवी काढलेल्यांना पुढे लघवी गळण्यासाठीची शस्त्रक्रिया लागण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. कर्करोग, मोठ्या गाठी, कशानेच न थांबणारा रक्तस्राव अशा कारणांसाठी गर्भाशय काढावेच लागते, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पहिल्याच भेटीत काढून टाकण्याबद्दल.

तर मग लघवी धरून ठेवणारी यंत्रणा नेमकी असते कशी? मूत्राशय ही ताणली जाणारी स्नायूंची थैली. साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावते. निम्म्याच्या आत भरली की पहिली जाणीव होते. तिच्यापासून बाहेर येणारा मूत्रमार्ग बाईचा जेमतेम ४ सेंटिमीटरचा, म्हणजे पुरुषाच्या मानाने फारच आखूड. या सगळ्याला खालून आधार असतो तो पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारख्या बांधलेल्या स्नायूंचा. खोकला आला की पोटातला दाब एकदम खाली येतो, आणि त्याच क्षणी हे स्नायू आवळून मूत्रमार्ग दाबून धरतात. बाळंतपणात ते ताणले जातात, कधी कधी फाटतातही. पाळी गेल्यावर त्या भागातल्या ऊती पातळ होतात. बद्धकोष्ठ, चुलीच्या धुराने जडलेला जुनाट खोकला, वाढलेले वजन, डोक्यावरची ओझी हे सगळे वर्षानुवर्षे त्या झोळीवर पडत राहते.

खोकताना-शिंकताना-उचलताना गळते ती एक जात. दुसरी जात याहून वेगळी: मूत्राशय भरलेले नसतानाच आकुंचन पावते, कडी काढेपर्यंत धीर निघत नाही, रात्री तीन-तीनदा उठावे लागते. अनेक स्त्रियांना दोन्ही असते. तिसऱ्या प्रकारात मूत्राशय पुरते रिकामेच होत नाही आणि काठोकाठ भरून सांडत राहते. जुना मधुमेह हे त्याचे एक कारण. आणि चौथी, फिस्टुला: अडलेल्या बाळंतपणात बाळाचे डोके तासन्‌तास अडकून मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडते आणि लघवी अखंड झिरपत राहते. ही कमजोरी नाही, जखम आहे. तिला बहुधा शस्त्रक्रियाच लागते. हा भेद समजणे म्हणजे अर्धी लढाई आहे, कारण पहिलीची शस्त्रक्रिया दुसरीला चालत नाही आणि दुसरीची गोळी पहिलीला काही करत नाही.

या विषयाच्या वैद्यकीय इतिहासाची सुरुवात फिस्टुलापासूनच होते, आणि ती अभिमानाने सांगावी अशी नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया करून फिस्टुला शिवण्याची रीत बसवली. त्यांपैकी अनार्का, लूसी आणि बेट्सी एवढी तीन नावे त्याच्याच लिखाणातून उरली. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा शस्त्रक्रिया झाली. सिम्स 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक' म्हणून मिरवला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपाशी त्याचा पुतळा उभा राहिला. तो २०१८ साली तिथून हलवण्यात आला. शास्त्र पुढे गेले ते कोणाच्या अंगावरून, हा प्रश्न या क्षेत्राला तेव्हापासून चिकटलेला आहे.

पुढची दीडशे वर्षे शस्त्रवैद्यांची. मूत्रमार्गाच्या मुळाशी टाके घालून त्याला घट्ट करणे, मग १९४९ पासून त्याला पोटातून वर टांगणे, १९६१ साली बर्च या शस्त्रवैद्यांची सुधारणा. १९९६ साली स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाखाली एक अरुंद कृत्रिम जाळीदार पट्टी बसवण्याची रीत मांडली. पंधरा-वीस मिनिटांचे काम, त्या भागापुरती भूल, आणि पहिल्या प्रकारच्या गळतीवर गुण चांगला. ती जगभर पसरली. तिच्या यशावर स्वार होऊन कंपन्यांनी मोठ्या जाळ्या बाजारात आणल्या, अंग बाहेर येण्यासाठीही त्या सर्रास बसवल्या गेल्या, आणि मग तक्रारींचा पूर आला: जाळी मांसातून बाहेर येणे, सततच्या वेदना, संसर्ग. ब्रिटनने २०१८ मध्ये अशा शस्त्रक्रिया थांबवल्या. अमेरिकेने २०१९ मध्ये योनिमार्गातून बसवायच्या, अंग बाहेर येण्यासाठीच्या जाळ्यांची विक्री बंद केली. लघवी गळण्यासाठीची अरुंद पट्टी अनेक देशांत आजही वापरतात, पण आता सही घेण्यापूर्वी रुग्णाशी बराच वेळ बोलावे लागते. बोलण्याची ही सक्ती जाळीने दिलेली देणगीच म्हणायची.

मुंबईने या कथेत आपली भर घातली, ती महाराष्ट्राच्या वाचकाला माहीत असायला हवी. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या टाक्यामुळे जगभर ओळखले जातात. तो टाका आजही त्यांच्याच नावाने चालतो. पण त्यांनी आणि मुंबईच्याच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी आणखी एक प्रश्न हाताळला. पाश्चात्त्य पुस्तकांत अंग बाहेर येणारी बाई म्हणजे पाळी गेलेली प्रौढा. इथे पंचविशी-तिशीच्या, अजून मुले हवी असलेल्या स्त्रिया तीच तक्रार घेऊन येत. त्यांचे गर्भाशय काढणे हा उपायच नव्हता. म्हणून ते आत ठेवून वर उचलून धरणाऱ्या शस्त्रक्रिया या दोघांनी बसवल्या. पुरंदऱ्यांच्या पद्धतीत त्यासाठी पोटाच्या पुढच्या स्नायूवरील आवरणाच्याच पट्ट्या वापरतात. गर्भाशय वाचवायचे कसे, यावर मुंबईत एवढी बुद्धी खर्च झालेली असताना त्याच राज्यात ते काढण्याची घाई का व्हावी, हा प्रश्न कुणालाही बोचेल.

शस्त्रक्रियेच्या बरोबरीने, पण कमी गाजावाजा करत, व्यायामाचा एक प्रवाह वाहत आला. लंडनमध्ये नर्तिका आणि फिजिओथेरपिस्ट मार्गारेट मॉरिस यांनी १९३६ सालीच या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिले होते. तो व्यायाम ओळखला गेला मात्र अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांच्या नावाने, कारण त्यांनी १९४८ साली तो मोजमापासह मांडला. योनिमार्गात ठेवायचे एक दाबमापक त्यांनी बनवले, म्हणजे आपण किती जोराने आवळतो हे बाईला काट्यावर दिसे. आज हाच पहिला उपाय मानतात, आणि त्याला भक्कम आधार आहे. २०१८ साली जगभरातल्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. खोकताना गळण्याच्या तक्रारीत व्यायाम करणाऱ्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी 'बरे झाले' म्हटले. काहीच न करणाऱ्यांमध्ये ६ टक्क्यांनी.

व्यायाम सोपा आहे, पण 'खालचे आवळा' एवढे सांगून तो येत नाही. खुर्चीवर ताठ बसायचे, पावले जमिनीवर. वारा सुटू नये म्हणून मागची जागा आवळतो, ती आवळायची. तिथून तसेच पुढे येत लघवीची धार रोखण्याची जागाही आवळायची आणि सगळे आत-वर ओढायचे. पोट, मांड्या, कुल्ले सैल. श्वास चालू. मनात पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आणि ते अंगवळणी पडले की खरा उपयोग: शिंक येण्याआधी, हंडा उचलण्याआधी, मोळी डोक्यावर घेण्याआधी क्षणभर आवळायचे. लघवी करता करता धार तोडून रोज सराव करणे मात्र चूक आहे; त्याने मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. चुकीचे शिकणे किती सहज घडते, हे १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांवर पाहिले गेले. नुसत्या तोंडी सूचनेवर जेमतेम निम्म्या जणींना ते नीट जमले, आणि चौथाई जणी उलट खाली जोर देत होत्या, म्हणजे गळती वाढेल असेच करत होत्या. म्हणून एकदा तरी शिकवणारी बाई हवी. लोणीला वैद्यकीय आणि फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी प्रवरा संस्था आहे. श्रीरामपूरपासून ते अंतर काही फार नाही.

दुसऱ्या प्रकारच्या, घाईच्या गळतीला ब्रिटिश डॉक्टरांनी १९६० नंतरच्या काळात वेगळे उत्तर दिले: मूत्राशयाला वळण लावणे. त्यासाठी आधी तीन दिवसांची नोंद. घरातला जुना मोजमापाचा मग मोरीत ठेवायचा, दर वेळी किती लघवी झाली, किती वाजता, काय प्यायले, कधी गळले, हे लिहायचे. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढल्या तरी चालते. तीन दिवसांत चित्र समोर येते. कुणी दिवसाला आठ कप चहा पीत असते. कुणी 'आत्ताच जाऊन येऊ, पुढे मिळेल न मिळेल' म्हणून दर अर्ध्या तासाला जात असते आणि मूत्राशयाला थोडक्यावरच रिकामे होण्याची सवय लागलेली असते. कुणी पाणी इतके तोडलेले असते की गडद, दाट लघवीच मूत्राशयाला चुरचुरवते, वर बद्धकोष्ठ आणि संसर्ग. मग दोन खेपांमधले अंतर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचे. गोळ्याही आहेत; जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते आणि म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीला त्या बाधू शकतात, म्हणून २०१२ च्या सुमारास आलेल्या मिराबेग्रॉनसारख्या औषधांना काही डॉक्टर पसंती देतात. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरवल्यानेही फरक पडतो. २००९ साली अमेरिकेत वजनदार स्त्रियांनी सरासरी ८ टक्के वजन कमी केले, तेव्हा आठवड्यातल्या गळतीच्या वेळा जवळजवळ निम्म्यावर आल्या.

आपल्या परंपरेकडे वळताना दोन गोष्टी टाळायला हव्यात: सगळे आपल्याकडे होतेच, असे म्हणणे, आणि त्यात काहीच नव्हते, असेही म्हणणे. चरकसंहितेत न रोखण्याच्या तेरा वेगांमध्ये मूत्राचा वेग आहे. हठयोगातला मूलबंध केगलच्या व्यायामाशी नात्यातला दिसतो. पण नाते दिसले म्हणून परिणाम सिद्ध होत नाही. कॅलिफोर्नियात ४५ वर्षांवरच्या २४० स्त्रियांना बारा आठवडे योगासने किंवा साधे ताणाचे-ताकदीचे व्यायाम करायला लावले. २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षात दोन्ही गट सुधारले आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणजे योग करणारीने सोडू नये, आणि न करणारीने खंत बाळगू नये. बाळंतपणानंतरचा सव्वा महिना माहेरी शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पोट बांधणे यात जातो. विश्रांती म्हणून ही रीत उत्तमच. पण पोट घट्ट बांधल्याने तळाच्या स्नायूंना बळ येत नाही, आणि ते आणणारा दहा मिनिटांचा व्यायाम या सगळ्या थाटात कुठेच नसतो. बाळाची मालिश करणाऱ्या बाईनेच तो आईला शिकवला तर किती सोपे होईल!

सिझेरियन केले की हा त्रास टळतो, असा एक समज शहरांत आणि आता तालुक्यांतही रुजतो आहे. नॉर्वेतल्याच २००३ च्या अभ्यासात मूल न झालेल्यांपैकी १०.१ टक्के, सिझेरियन झालेल्यांपैकी १५.९ टक्के आणि नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांपैकी २१ टक्के स्त्रियांना गळती होती. सिझेरियनने धोका कमी होतो, जात नाही. नऊ महिन्यांचे ओझे तर दोघींनी वाहिलेलेच असते. एवढ्यासाठी पोट फाडून घेणे हा शहाणपणाचा सौदा नव्हे.

डॉक्टर आणि रुग्ण यांच्या पलीकडचा एक प्रवाह महाराष्ट्रातच उगम पावला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था १९८६ मध्ये उभी केली आणि वसा व अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते निष्कर्ष आले: ९२ टक्के स्त्रियांना कसला ना कसला स्त्रीरोग, सरासरी एकीला ३.६ तक्रारी, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. त्या अभ्यासाचा विषय लघवीची गळती नव्हता. पण 'कुणी विचारलेच नाही म्हणून कुणी सांगितले नाही' हे त्याने आकड्यांत दाखवले, आणि तोपर्यंत बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धरून चाललेल्या धोरणांना धक्का दिला. त्याआधी, याच नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० नंतरच्या काळात गावातल्या, अनेकदा निरक्षर बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले होते. पदवीवाल्या डॉक्टरला जे सांगितले जात नाही ते धुणे धुताना शेजारणीला सांगितले जाते, हे त्यांना कळले होते. मुंबईत २०११ पासून 'कोरो' आणि इतर संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा उघडा अन्याय त्यांनी महापालिकेपुढे मांडला. वरवर हा नगररचनेचा प्रश्न. पण ज्या बाईला धरवत नाही, तिच्यासाठी स्टँडवरचे उघडे स्वच्छतागृह म्हणजे औषधच. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत किंवा पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या हजारो बायकांना विचारून पाहावे.

हा विषय आत्ताच का? एक कारण न्यायालयीन आहे: अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांबद्दलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. कागदावर नियम आले. पण 'काढू नका' असे सांगितल्यावर 'मग काय करू?' या बाईच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. दुसरे कारण आशादायक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक आई निदान एकदा परिचारिकेच्या हाताखालून जाते, आणि बाळाच्या लसीसाठी दीड महिन्याने पुन्हा येते. त्या दुसऱ्या भेटीत बाळाचे वजन होते, लस होते. आईला 'खोकताना लघवी होते का?' असे विचारायला अर्धे मिनिट लागते. हा प्रश्न लवकर विचारायला हवा, कारण त्याच सर्वेक्षणात विशीच्या सुरुवातीला असलेल्या दर पाचातल्या एकीहून अधिक मुलींचे लग्न अठराच्या आत झालेले दिसते. या मुलींना पुढे चाळीस-पन्नास वर्षे काढायची आहेत. तिसरे कारण बाजाराचे. मोठ्यांचे डायपर आता तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतात. गरजेला ते जरूर वापरावेत, पण ज्या गळतीवर तीन महिन्यांत उतार पडू शकतो तिच्यावर आयुष्यभर दरमहा खर्च करणे हा इलाज नव्हे.

या पुस्तकाची मांडणी या पार्श्वभूमीवर पाहावी. ते डॉक्टरांसाठी लिहिलेले नाही आणि डॉक्टरची जागा घेऊ पाहत नाही. त्याचा पहिला वाचक आशाताई, अंगणवाडी सेविका, बचतगटाची अध्यक्ष, किंवा आईला दवाखान्यात न्यायचे की नाही या विचारात पडलेली लेक. म्हणून भाषा दवाखान्यातली नसून ओट्यावरची ठेवली आहे, आणि अवयवांची नावे मात्र स्पष्ट, न लाजता. उपाय सौम्यापासून तीव्राकडे असे लावले आहेत, कारण बाईला दवाखान्यात बहुधा याच्या उलटा क्रम भेटतो. ऊसतोड करणारीला 'ओझे उचलू नका' असे सांगणे निरर्थक आहे, हे पुस्तक ओळखून आहे. तिच्या दिवसात काय बसू शकते, याचा विचार त्यात आहे: फळीवर चढण्याआधी श्वास सोडत आवळणे, मोळी जरा लहान बांधणे, टोळीतल्या बायकांनी आळीपाळीने आडोसा धरणे. हे अपुरे आहे आणि मुकादम-कारखान्यांच्या जबाबदारीला पर्याय नाही, हेही पुस्तक आडपडदा न ठेवता सांगते.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. मुलांचे अंथरुणात लघवी करणे आणि पुरुषांचा प्रोस्टेट हे स्वतंत्र विषय आहेत. फिस्टुला येतो तो फक्त ओळखण्यापुरता, कारण तिथे घरगुती उपायात वेळ घालवणे घातक आहे. तसेच लघवीतून रक्त जाणे, जळजळीसह ताप, लघवी पूर्ण अडणे, पायांत अचानक बधिरपणा येऊन लघवी-संडासचे भान जाणे, यांपैकी काहीही असेल तर पुस्तक मिटून थेट रुग्णालय गाठावे, ही सूचना पहिल्याच पानावर चौकटीत दिली आहे. आणि शेवटी तीन दिवसांच्या नोंदीचे तक्ते कोरे छापले आहेत, मोठ्या घरांचे, लिहिता न येणारीला खुणा करता याव्यात म्हणून चित्रांसह. ती पाने फाडून घ्यावीत, झेरॉक्स काढून वाटावीत. त्यांवर कुणाचाही हक्क राखून ठेवलेला नाही.